ग्राइंडरला लाकडाचं ब्लेड नको म्हणतो, ते का: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज वर्कशॉपला निघायच्या आधी पुन्हा वाचली. तुम्ही रागावला आहात, आणि त्यातला थोडा राग मी ओढवून घेतलेला आहे. बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. घरात बसवायची कपाटं, लॉफ्ट, किचनच्या ट्रॉल्या करताना हत्यारं कशी सांभाळावीत, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की वडील चाळीस वर्षं सुतारकाम करून राहिले, दहाही बोटं शाबूत आहेत, हात बसला की गार्ड, म्हणजे ब्लेडवरचं झाकण, लागत नाही. ग्राइंडरला, म्हणजे लोखंड घासायच्या-कापायच्या हातातल्या मशीनला, लाकडाचं ब्लेड लावू नका म्हणणाऱ्याने मजुरीवर घर चालवून पाहावं. ग्लोव्हज घालू नका हा तर उलटाच सल्ला. आणि असं लिहून मी घरमालकांच्या मनात मिस्त्रीबद्दल संशय भरतो. पटाशी-रंध्याला मी चार ओळीत उरकलं, हेही तुम्ही ऐकवलंत.

संशयाचं आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. 'निष्काळजी मिस्त्री' हे शब्द मी लिहायला नको होते, ते काल रात्रीच काढले. सुतार गार्ड काढतो तेव्हा त्याच्या डोक्यात चौरस फुटाचा भाव असतो, मालकाची गृहप्रवेशाची तारीख असते आणि काम करायला पॅसेजमध्ये चार फूट जागा असते. बारा वर्षं मीही त्याच भावाने कामं घेतली आहेत. प्लायचा ब्रँड तीन-तीनदा विचारणारा मालक काम चालतं त्या खोलीत एक धड ट्यूबलाइट लावून देत नाही, हे लिहायचं मी विसरलो. ते लिहायलाच हवं होतं.

पण ग्राइंडरच्या बाबतीत मी मागे हटणार नाही. 'हात बसलेला आहे' या बोलण्यात काय गृहीत धरलंय ते बघा: काही चुकलं तर हात वेळेवर मागे येईल. चार इंची ग्राइंडर रिकामा फिरतो तेव्हा मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला १८० च्या वर. डोळ्यांना दिसून, मेंदूला कळून हात हलायला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी जातो. तेवढ्यात ब्लेडचे ३६ फेरे होतात. ब्लेड ४० दातांचं असेल तर चौदाशेच्या वर दात त्या जागेवरून गेलेले असतात. चाळीस वर्षांच्या सरावाने रेघ सरळ येते, मशीन उलटी उसळते तो झटका येण्याआधी त्याची चाहूल लागते, हे मी मानतो. पण झटका बसल्यावर हात मागे घ्यायला वेळच उरत नाही, मग तो हात वडिलांचा असो की शिकाऊ पोराचा.

आणि ग्राइंडर झटका देतोच. तो घासायला आणि लोखंड कापायला केलेला आहे. त्याची चकती कण-कण खरवडत जाते. दातांचं ब्लेड मात्र लाकडाला पकडतं, आणि एक दात अडकला की सगळा जोर मशीन उलटी फेकण्यात जातो. खाली टेकायला प्लेट नाही, त्यामुळे कापाची खोली आणि कोन दोन्ही नुसत्या मनगटावर. कंपन्यांच्या माहितीपत्रकात दातांचं ब्लेड लावू नका असं स्पष्ट छापलेलं असतं, पण ते पत्रक डब्यातच राहतं. मार्बल कटरला निदान प्लेट असते. लाकडासाठीच बनवलेल्या सर्क्युलर सॉला खालचं झाकण स्प्रिंगवर असतं, काप संपला की ते आपोआप ब्लेडवर येतं. मशीन मांडीजवळ खाली ठेवताना या झाकणाची किंमत कळते.

मला ती कळली २०१४ च्या मे महिन्यात, नागपुरात बेसा रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये. आठ बाय चार फुटांची १८ एमएम प्लायची शीट दोन स्टुलांवर आडवी टाकली होती आणि मी दोन्ही स्टुलांच्या मधोमध ग्राइंडरने काप घेत होतो. डाव्या हाताने शीट दाबलेली. काप शेवटाला आला तशी शीट मधोमध खचली. दोन्ही भाग आत झुकले आणि कापाची फट वरून मिटली. ब्लेड चिमटीत सापडलं. आवाज एकदम जाड झाला, एवढंच आठवतं. मशीन उसळून डाव्या हातावर आली. तर्जनीच्या पेराचं टोक गेलं, हाड वाचलं. आजही पॉलिश केलेल्या फळीवर त्या बोटाने हात फिरवला तर मला काही समजत नाही, मधलं बोट वापरावं लागतं. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात अशा बोटांची किंमत लावून ठेवलेली होती. हाड न जाता तर्जनीचं नुसतं टोक गेलं तर कमाईची ताकद ५ टक्के गेली असं धरायचं, पूर्ण तर्जनी १४, अंगठा ३०. सुताराने हे आकडे एकदा आपल्या हाताकडे बघत वाचावेत. अंगठा गेल्यावर ७० टक्के पटाशी कोण धरून दाखवेल?

तो काप आज मी कसा घेतो ते सांगतो. जमिनीवर सारख्या जाडीच्या चार पट्ट्या टाकायच्या, रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, त्यावर शीट. काप पूर्ण झाल्यावरही दोन्ही तुकडे आपापल्या जागी पडून राहतात, फट मिटत नाही. ब्लेड खालून चार-पाच एमएमच बाहेर येईल एवढीच खोली ठेवायची. मार्गदर्शक पट्टी दोन क्लॅम्पने आवळायची म्हणजे डावा हात मोकळा होतो आणि मशीनच्या दुसऱ्या मुठीवर जातो. या सगळ्याला चार-पाच मिनिटं जास्त लागतात. मोठे तुकडे तर मी लकडगंजातल्या लाकूडबाजारातूनच मापाने कापून आणतो, घरी फक्त छाटणी.

याच्याशी जोडलेलं एक, जे मूळ लेखात राहून गेलं. बोट तुटून वेगळं झालं तर ते ओल्या स्वच्छ कपड्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, तोंड बांधायचं, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवलं तर पेशी मरतात आणि जोडायची आशा जाते. हे साइटवरच्या प्रत्येक पोराला माहीत हवं.

आता ग्लोव्हज. प्लायची शीट जिन्याने चढवताना, सनमायकाची कड हाताळताना, काच धरताना घालाच, सनमायका तर सुरीसारखी कापते. पण राउटर (खाच-कड कोरायचं मशीन), ड्रिल, टेबल सॉ चालू असताना ते काढून ठेवायचे. उघड्या हाताला ब्लेड लागलं तर कापतं. ग्लोव्हजचा धागा अडकला तर ब्लेड किंवा चक (ड्रिलचा बिट धरणारा भाग) अख्खा हात आत ओढून घेतं. आपल्याकडे त्याहून मोठी भीती दुपट्ट्याची आहे. उन्हाळ्यात सकाळी डोक्या-तोंडाला बांधून आलेला दुपट्टा साइटवर गळ्यात लोंबत राहतो, आणि माणूस वाकून ड्रिल मारतो. माझ्या एका मदतनिसाच्या दुपट्ट्याचं टोक असं चकमध्ये गुंडाळलं गेलं, दोन सेकंदांत ड्रिल त्याच्या हनुवटीपाशी. बटणावरून बोट सुटलं म्हणून वाचला. बटण लॉक केलेलं असतं तर वाचला नसता. तेव्हापासून आमच्याकडे दाराशी खिळा आहे, दुपट्टे तिथे टांगायचे.

वडिलांच्या दहा बोटांचा मला मनापासून आनंद आहे. पण एक विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. ते टीव्हीचा आवाज किती ठेवतात? मी ज्या काकांच्या हाताखाली शिकलो, त्यांचीही दहा बोटं आहेत, पण त्यांच्याशी बोलायचं तर डाव्या बाजूला जाऊन बसावं लागतं. ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालतं, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात, आणि प्लाय कापताना कटरचा आवाज साधारण तेवढाच असतो. फोमचे इअरप्लग पन्नास रुपयांच्या आत मिळतात. धुळीचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ आणि २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइड, दोन्ही माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकले. धुळीने होतो तो मुख्यतः नाकाचा आणि सायनसचा. प्लाय आणि एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या शीटच्या) गोंदात बहुतेक फॉर्मल्डिहाइड असतंच. धुळीसाठी तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ लागतो. आणि मे महिन्यात कुलर समोर लावून एमडीएफ कापू नका. कुलर पाठीशी, हवा बाल्कनीकडे, पूड बाहेर.

विजेचं एकाच ओळीत: वायरीची उघडी टोकं काडीपेटीच्या काडीने सॉकेटमध्ये खोचणं बंद करा, तीन पिनी टॉप लावा, आणि मालकाच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते आधी बघा.

पैशांचं तुमचं म्हणणं रास्त आहे. एकट्याला जड जात असेल तर दोघा-तिघांनी मिळून एक सर्क्युलर सॉ घ्या. मी कोटेशनमध्येच 'ब्लेड, मास्क, चष्मा' अशी वेगळी ओळ टाकतो. आजवर एकाच मालकाने ती खोडली, आणि ते काम मी घेतलं नाही. तेव्हा हातात दुसरं काम होतं म्हणून हे जमलं, हेही खरं.

राहिली पटाशी. तिथे तुमचा आक्षेप शंभर टक्के मान्य. बिजागरीची खाच घेताना डावा हात पटाशीच्या पुढे ठेवायची सवय मलाही मोडावी लागली, आणि ती मोडली पटाशीला नीट धार लावायला शिकल्यावर. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, तुकडा सरकतो म्हणून माणूस तो पुढून धरतो आणि जोर सुटला की पटाशी थेट तळहातात. धारदार पटाशी अंगठ्याच्या दाबाने चालते, तुकडा क्लॅम्पमध्ये राहतो, दोन्ही हात धारेच्या मागे. यावर वेगळा लेख लिहायला घेतला आहे. तुमचे वडील दगडावर धार कशी लावतात, तेल घेतात की पाणी, आणि मागची बाजू सपाट कशी राखतात, हे त्यांना विचारून मला लिहाल का? त्यांच्या नावानिशी, त्यांची हरकत नसेल तर, त्यातच घालतो.