डाव तेवढा पुरा होऊ द्यायचा होता

आज डोकं फिरलंय, म्हणून लांब लिहितोय.

आमच्या भागातल्या बुद्धिबळ स्पर्धेत शेवटच्या फेरीला माझी नववीतली पुतणी आणि एक पासष्टीचे आबाजी समोरासमोर होते. आबाजी कापसाची वेचणी सोडून आलेले. बाकीचे डाव आटोपले, यांचाच उरला. आबाजींकडे हत्ती आणि एक प्यादं, पोरीकडे नुसता हत्ती. तिचा राजा प्याद्याची वाट अडवून उभा, हत्ती तिच्या बाजूच्या तिसऱ्या ओळीत आडवा. आबाजींच्या राजाला पुढं सरकता येईना. तेवढ्यात पाहुणे आले. घड्याळ बंद. "ड्रॉ लिहून घ्या, सत्कार उरकायचा आहे."

आबाजी म्हणाले, "काऊन बंद करता जी? मी कुठं बरोबरी मागतली?"

कोणी उत्तरसुद्धा दिलं नाही त्यांना!

हो, पुस्तकात ती स्थिती बरोबरीचीच आहे. हॉल सहाला रिकामा करायचा होता, तेही मान्य. पण ड्रॉ दोघांच्या संमतीनं होतो. तीच स्थिती पाच वेळा आली, किंवा प्यादं न हलता, काही न मारता दोघांच्या ७५-७५ चाली झाल्या, तर पंचांनी थांबवावं. इथं यातलं काय झालं होतं? पोरीच्या घड्याळात दीड मिनिट होतं आणि ती एकेक चाल धरून ठेवत होती. बरोबरीचा तो अर्धा गुण तिला कमवायचा होता हो, दान नको होतं.

आणि स्टेजमागं बॅनर कुणाचा? आपल्या नागपूरच्या बुद्धिबळपटू दिव्या देशमुखचा. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत तिचे कोनेरू हम्पीविरुद्धचे दोन्ही क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे डाव बरोबरीत सुटले, निकाल रॅपिडवर, म्हणजे कमी वेळेच्या डावांवर गेला. तिथं कोणी म्हटलं का, पाहुणे खोळंबलेत? "आपल्या गावातून दिव्या घडवू" असं भाषण झालं, आणि पोरगी खाली अर्धा डाव कागदावर उतरवून घेत बसली होती.

जाऊ द्या. आबाजी निघताना तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "लय अडवलं व पोरी तुनं मले." एसटी पकडायची होती त्यांना.

गाडीवर मागं बसून ती सांगत होती, "काका, त्यांनी प्यादं सहाव्या घरात ढकललं असतं ना, की मी हत्ती पार त्यांच्या पहिल्या ओळीत नेऊन मागून शह देत राहिले असते. राजाला लपायला जागाच नसती."

जेवणं झाल्यावर तिनं तीच स्थिती पटावर मांडलीय. मी आबाजींच्या बाजूनं बसलोय. प्यादं अजून ढकललेलं नाही.