अण्णांची इमूची वही

परवा भाचा मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवायला आला. शहामृगपालन. पिल्लं कंपनीच देणार, अंडी कंपनीच परत घेणार, लेखी करार. "मामा, तुमच्याकडे जाळी पडूनच आहे ना?" म्हणाला. आहे. सहा फुटी, खांबांसकट, विहिरीपलीकडच्या पंधरा गुंठ्यांत. हल्ली तिच्यात शेळ्या असतात. २०१० साली तिथे काय होतं हे त्याला आठवत नाही, तो तेव्हा पहिलीत होता. म्हणून हे लिहायला बसलोय.

अण्णांनी तेव्हा इमूच्या, म्हणजे शहामृगासारख्याच मोठ्या, न उडणाऱ्या पक्ष्याच्या, दहा जोड्या घेतल्या. तीन महिन्यांची पिल्लं, १६,००० रुपये जोडी. जाळी, शेड, पाण्याची टाकी वेगळी. बँकेचं कर्ज आणि आईच्या पाटल्या मिळून भागवलं. तालुक्याला एका मंगल कार्यालयात मेळावा झाला होता, जेवणासकट. तिथे सांगितलं गेलं की हा पक्षी ऊन सोसतो, थंडी सोसतो, रोगराई फारशी नाही, पंचवीस-तीस वर्षं जगतो, मांसात चरबी कमी, पाठीच्या चरबीचं तेल निघतं, पिसं आणि कातडंही विकलं जातं.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हे मला आजही सांगावंसं वाटतं. पक्षी खरंच तसा आहे. आमच्या माळावरच्या उन्हात एकही दगावला नाही. खोटं होतं ते एवढंच, की हे सगळं विकत घेणारं कुणीतरी आहे.

अण्णांनी एक वही घातली होती. पहिल्या पानावर एजंटने स्वतःच्या हाताने हिशेब मांडून दिलाय: एका जोडीची वर्षाला पंधरा पिल्लं धरा, दहा जोड्यांची दीडशे. तिथेच तो थांबला, आणि आम्हीही थांबलो. पुढची ओळ लिहायला दोन मिनिटं लागली असती. दीडशे पिल्लांच्या पंचाहत्तर जोड्या, त्यांची ११२५ पिल्लं. ती कोण घेणार? दुसरा शेतकरी. त्याची? तिसरा. या साखळीत इमूचं मटण शिजवणारं घर कुठेच नाही. आमच्या गावात, पाव्हण्यारावळ्यांत, तालुक्याच्या एकाही खानावळीत कुणी इमू खाल्लेला मी पाहिला नाही. गावच्या खाटकाने एकदा जाळीबाहेर उभं राहून पाच फुटी पक्षी बघितला, त्याच्या पायाची ती तीन बोटं बघितली आणि नको म्हणाला.

खाद्याला मात्र खंड नव्हता. मोठा पक्षी दिवसाला पाऊण-एक किलो खातो. वीस पक्ष्यांचे महिन्याला आठ-साडेआठ हजार जायचे. जोड्या म्हणून दिलेल्यांत तीन जोड्या नर-नर निघाल्या, तेही दीड वर्षाने कळलं. लहानपणी नर-मादी ओळखता येत नाही, मोठेपणी आवाजावरून कळतं. मादी घशातून रिकामा पत्र्याचा डबा बडवल्यासारखा आवाज काढते, नर नुसता घुरघुरतो. थंडीत रात्री तो डबा घरापर्यंत ऐकू यायचा.

पहिल्या हंगामातली अंडी हॅचरीने नेली, थोडे पैसेही आले. मग ऑगस्ट २०१२ मध्ये तामिळनाडूत पेरुंदुराईची ती मोठी इमू कंपनी बुडाली. हजारो लोकांच्या ठेवी अडकल्या, उपाशी पक्ष्यांना खायला घालायची वेळ तिथल्या सरकारवर आली. आमचा एजंट त्यानंतर फोन उचलेनासा झाला.

त्या हिवाळ्यातलीही अंडी आली. इमूचं अंडं हातात घेतल्याशिवाय कळत नाही. गडद हिरवं, जवळजवळ काळपट, अर्ध्या किलोच्या वर वजन, आणि वरून खरखरीत. घरात चाळीसेक साठली. अण्णांनी उचलायची सोडली ती फक्त एका नराखालची. इमूत अंडी नर उबवतो. हा कोपऱ्यात सात अंड्यांवर बसला तो जवळजवळ आठ आठवडे. खाणं नाही, पाणी अगदी थोडं, पाठीची हाडं दिसायला लागली. पिल्लं झाली तर त्यांनाही पोसावं लागणार हे अण्णांना कळत होतं. रोज संध्याकाळी अंडी काढायच्या तयारीने जायचे आणि रिकाम्या हातांनी परत यायचे. आई काही बोलली नाही. पाच पिल्लं निघाली, अंगावर पांढरे-तपकिरी पट्टे. पाय फाकू नयेत म्हणून अण्णांनी त्यांच्याखाली गोणपाट अंथरलं. पिल्लं बापाच्या मागे रांगेत फिरायची आणि अण्णा जाळीला धरून उभे.

ठिकठिकाणी लोकांनी इमू रस्त्यावर सोडून दिले, आम्हाला ते जमलं नाही. त्यासाठी मी कुणाला दोषही देत नाही, हप्ते थकलेल्या माणसाने वीस तोंडांचं काय करायचं? दोष त्यांचा, ज्यांनी गिऱ्हाईक नसताना पिल्लं विकली. आणि हे जगात पहिल्यांदा घडलं असंही नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या औट्सहोर्न गावाने शहामृगाच्या पिसांवर वाडे बांधले. १९१३ मध्ये सोनं, हिरे आणि लोकरीखालोखाल त्या देशातून पिसंच बाहेर जात होती. टोप्यांची फॅशन गेली, महायुद्ध आलं, १९१४ पासून सगळं झोपलं. तिथे आज शहामृग आहेत ते कातडी कमावणारे कारखाने आणि मांसाचे कत्तलखाने उभे राहिले म्हणून. अमेरिकेतही नव्वदच्या दशकात इमूच्या जोड्या हजारो डॉलरला गेल्या आणि काही वर्षांत टेक्सासमध्ये लोक पक्षी मोकळे सोडू लागले. आपल्याकडे तर इमू विसरायच्या आत, २०१९ मध्ये, सांगलीकडे कडकनाथ कोंबडीचं तेच झालं. पक्षी बदलला, करारातली भाषा तीच.

माझं स्पष्ट मत आहे की जो कुणी पिल्लं विकतो त्याने आधी आपला कत्तलखाना दाखवावा, मांस ठेवायचं शीतगृह दाखवावं, आणि गेल्या वर्षी बाहेरच्या गिऱ्हाईकाला, शेतकऱ्याला नव्हे, किती किलो माल विकला त्याची बिलं दाखवावीत. नसेल दाखवत तर त्याच्या मेळाव्यात जेवायलाही जाऊ नये. अशी योजना तालुक्यात येण्याआधी पशुसंवर्धन खात्याने ही बिलं तपासलीच पाहिजेत. शेतकऱ्याची चूक शोधायला सगळे नंतर येतात.

आमचं कर्ज २०१७ ला फिटलं. शेवटचा पक्षी, तोच अंडी उबवणारा नर, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात गेला. अण्णांनी त्याला विहिरीजवळ पुरलं.

वही माझ्याकडे आहे. एजंटच्या अक्षरातलं पहिलं पान आणि त्यापुढे सात वर्षांचा खाद्याचा खर्च, रोजचा, अण्णांच्या अक्षरात. भाच्याला काल दिली वाचायला. आणखी कुणाला बघायची असेल तर घरी या.