सत्तेचाळीसाव्या पानावरून सप्रेम

रविवारी सकाळी पोहे खाऊन झाले की आपण या आठवड्यात काय वाचलं हे चार लोकांना सांगायची पद्धत तुमच्याकडे नसेल तर आधी ती सुरू करा, वाचनाचं नंतर बघू. मी गेली तीन वर्षं आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'या आठवड्याचं वाचन' टाकतोय, एकही रविवार चुकवलेला नाही, कोल्हापूरचे काका दर वेळी हात जोडलेले पाठवतात आणि कुठल्याही लग्नात मावशी माझी ओळख 'हा आमचा पुस्तकी किडा' अशीच करून देते. हे नाव कसं कमवायचं ते आज तुम्हाला फुकटात सांगतो, कारण वाचनसंस्कृती टिकली पाहिजे.

साहित्य लिहून घ्या, म्हणजे सामान या अर्थी. एक जाड पुस्तक, एक मग (स्टीलचा पेला नको, आणि चहा नसला तरी चालतं, फोटोत आत दिसत नाही), खिडकीतून तिरकं येणारं ऊन आणि एक मांजर. चष्मा असेल तर काढून पुस्तकावर ठेवा. लागत असला तरी काढा.

पुस्तक निवडताना लोक लेखक बघतात, विषय बघतात, मागचा मजकूर वाचतात, एवढा वेळ असता तर काय पाहिजे होतं. तुम्ही जाडी बघा. दीडशे पानांच्या फंदात पडू नका, ते आठवड्यात वाचून होतं असा लोकांचा समज असतो आणि मग ते शेवट विचारतात. सहाशे पानांच्या पुस्तकाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, न जाणो हा आपल्याला वाचायला द्यायचा अशी त्यांनाच भीती असते. माझं सध्याचं पुस्तक ६१२ पानांचं आहे, गणपतीत घेतलं, आता संक्रांत होऊन गेली, मी ४७व्या पानावर आहे. खूण मात्र दर शनिवारी रात्री वीस-पंचवीस पानं पुढे सरकवतो. मोरपीस आहे, फोटोत छान येतं, सध्या ते चारशेच्या आसपास पोचलंय आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे.

आणि ४७ला हसू नका. युनेस्कोने १९६४ साली पुस्तक कशाला म्हणायचं ते ठरवून दिलंय, कव्हरं सोडून किमान ४९ पानं. म्हणजे आंतरराष्ट्रीय हिशोबाने अख्खं एक पुस्तक वाचून व्हायला मला फक्त दोन पानं कमी पडतायत.

खरा हिशोब मात्र कधीही मांडू नका. मी एकदा मांडला होता, रोज झोपायच्या आधी सहा पानं म्हणजे वर्षाला २,१९०, तीनशे पानांचं एक पुस्तक धरलं तर वर्षाला सात, आणि कपाटात न वाचलेली १४० निघाली, म्हणजे वीस वर्षं, आणि ती सहा पानंही रोज कुठली व्हायला, दुसऱ्या पानाला पुस्तक नाकावर पडतं आणि बायको दिवा बंद करते. त्या रात्री एवढं अस्वस्थ वाटलं की उठून ऑनलाइन दोन पुस्तकं मागवली तेव्हा कुठे झोप लागली.

आता मांजर. कुत्रा चालत नाही, त्याला फिरवायला न्यावं लागतं आणि फिरवताना पुस्तक हातात असलं तर लोक वेड्यात काढतात. मांजराचं नाव साहित्यिक ठेवा. आमच्या बोक्याचं नाव अनुस्वार, पिल्लू असताना पांढऱ्या चादरीवर काळा गोळा होऊन झोपायचा म्हणून. या नावाने घरात त्याला मी सोडून कोणी हाक मारत नाही, बायको आणि लेक मन्या म्हणतात, आई 'मेल्या' म्हणते, आणि तो येतो फक्त आईच्या हाकेला.

पुस्तक उघडलं की दीड मिनिटात अनुस्वार पानावर येऊन बसतो. त्याला साहित्याची आवड आहे असं ग्रुपवर लिहा. खरं कारण ऊन आहे, मांजराच्या शरीराला ३० ते ३८ अंश तापमान सगळ्यात मानवतं आणि पुण्याच्या जानेवारीत तेवढी ऊब फक्त खिडकीतल्या त्या पट्ट्यात मिळते जिथे मी फोटोसाठी पुस्तक मांडतो. बसला की उठवू नका. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतं, तेव्हा 'मांजर बसलंय म्हणून वाचता येत नाही' ही सबब तुम्हाला रोज बारा ते सोळा तास पुरते, इतकी टिकाऊ सबब ऑफिसातसुद्धा मिळत नाही.

आणि ही परंपरा काही आजची नाही. १४२०च्या सुमाराला नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर गावात एक लेखनिक हस्तलिखित उतरवून घेत होता, सकाळी येऊन बघतो तर रात्री मांजर पानावर मुतून गेलेलं. बिचाऱ्याने ती जागा मोकळी सोडली, तिथे मांजराचं चित्र काढलं, डागाकडे बोटं दाखवणारे हात काढले, लॅटिनमध्ये त्या मांजराला शिव्याशाप दिले आणि वर रात्री पुस्तकं उघडी टाकू नका असा सल्लाही लिहून ठेवला. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिक शहराच्या १४४५ सालच्या एका सरकारी दप्तरात तर शाईत भरलेले पंजेच उमटलेत, मजकुराच्या डोक्यावरून. आज सहाशे वर्षांनी जगभर फोटो फिरतात ते या दोन मांजरांचे, मूळ मजकुराचं नाव कोणी काढत नाही. यावरून रविवारच्या फोटोत पुस्तक किती आणि मांजर किती ठेवायचं ते तुम्हीच ठरवा.

पुस्तकं विकत घेण्यात काही कौशल्य नाही, पैसे दिले की देतात, कौशल्य ती घरात घेण्यात आहे. अप्पा बळवंत चौकातून येताना पिशवी हातात दिसता कामा नये, स्कूटरची डिकी, वर रेनकोट. मे महिन्यात रेनकोट कशाला असं कोणी विचारलं तर वळीव म्हणा. मग रोज एकेक करून डब्याच्या पिशवीतून वर न्या, कपाटात मागच्या रांगेत मळक्या पुस्तकांमध्ये खुपसा, कडेला थोडी धूळ लावा आणि सहा महिन्यांनी सगळ्यांसमोर काढून 'अरेच्चा, हे होतं का आपल्याकडे' म्हणा. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव असतो तेव्हा मी सरळ लेकीची शाळेची सॅक घेऊन जातो. दिवाळी अंकांना ही काळजी लागत नाही, १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरात अंक येणं हे फराळासारखंच धरलं जातं, कोणी हटकत नाही. आमच्याकडे २०१४ पासूनचे आहेत, काहींच्या आतल्या जाहिरातींची कॅलेंडरंसुद्धा तशीच आहेत.

कधीतरी पकडले जालच. मी पकडला गेलो तेव्हा रंगनाथनना पुढे केलं. एस. आर. रंगनाथन म्हणजे आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक, मद्रासला होते, १९३१ साली त्यांनी पाच नियम मांडले आणि त्यातला पाचवा असा की ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे. बायको तेव्हा स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढत होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि पहिला काय आहे?"

मी म्हटलं, असेल काहीतरी.

ती खाली उतरली, हात पुसले, मोबाईल काढला आणि मोठ्याने वाचलं, "पुस्तकं वापरासाठी असतात." मग मोबाईल ठेवला आणि म्हणाली, "अहो रंगनाथन, तो रव्याचा डबा धरा जरा."

लग्नाला अठरा वर्षं झाली, अरेतुरे सोडून तिने मला कधी अहो म्हटलं नव्हतं, ते असं मिळालं. तेव्हापासून गॅसवाला आला तरी घरात रंगनाथनच्या नावाने हाक पडते. तेव्हा पाचवा नियम वापरायचा असेल तर घरातलं वायफाय आधी बंद करा.

पुस्तकांची निगा राखण्याबद्दलही बोलत चला, राखायची गरज नाही. पावसाळ्यात आमच्या कपाटाला ओल्या टॉवेलसारखा वास सुटतो आणि कसर लागते, ती चंदेरी असते, पाय फुटलेल्या स्वल्पविरामासारखी सुळकन ओळीबाहेर पळते. कडुनिंबाचा पाला, वेखंड, डांबराच्या गोळ्या, सगळे उपाय मला पाठ आहेत. पुस्तक अधूनमधून उघडलं, वाऱ्या-उजेडात हाताळलं तर कसर आपोआप कमी होते असंही जाणकार सांगतात, पण ते जरा टोकाचं झालं. त्यापेक्षा पोर्तुगालचं उदाहरण द्या. तिथे कोइंब्रा विद्यापीठाचं अठराव्या शतकातलं जोआनिना ग्रंथालय आहे, त्यात वटवाघळं राहतात, रात्री बाहेर पडून पुस्तकं कुरतडणारे किडे खातात, आणि तिथले कर्मचारी रोज संध्याकाळी टेबलांवर चामड्याची आवरणं घालून सकाळी लेंड्या साफ करतात. हे मी जेवताना मोठ्या कौतुकाने सांगितलं तर लेक म्हणाली, "बाबा, मग तू कपाटामागच्या पालीला झाडूने का हाकलतोस?"

उत्तर नव्हतं. त्या पालीचं नाव तिने तिथल्या तिथे ग्रंथपाल ठेवलं. अनुस्वार आणि ग्रंथपाल यांचं अजिबात पटत नाही, मागच्या आठवड्यात चरित्रांच्या कप्प्यात तुटलेली शेपटी सापडली, अजून वळवळत होती, पण कसर खरंच कमी झालीये हे मान्य करावं लागेल.

कुटुंबाला वाचनाची गोडी लावायची तर सहलीला न्या. आम्ही भिलारला गेलो होतो, पाचगणीजवळचं, २०१७ पासून पुस्तकांचं गाव म्हणतात ते. घराघरात पुस्तकं मांडून ठेवलीत, कुठेही आत जा, बसा, वाचा, पैसे नाहीत काही नाही. मी अकरा घरांबाहेर फोटो काढले. लेक आणि बायको स्ट्रॉबेरी खायला गेल्या. आई पहिल्याच घराच्या ओटीवर एक पुस्तक घेऊन बसली ती उठायलाच तयार नाही, दोनदा बोलवायला गेलो तर पान न सोडता नुसता हात हलवला, मग गाडीवाला हॉर्न मारायला लागला आणि ती "तीस पानं राहिली रे" म्हणत गाडीत बसली आणि वाईपर्यंत एक शब्द बोलली नाही. अशा लोकांमुळे सहलीचं वेळापत्रक बिघडतं.

आईचं वाचन हा खरं तर वेगळाच विषय आहे आणि मी तो ग्रुपवर कधी घेतला नाही कारण त्यात फोटोजोगं काही नसतं. पेठेतल्या एका वाचनालयाची ती चाळीस वर्षांची सभासद. तिथल्या पुस्तकांना सगळ्यांना एकसारखं बाइंडिंग, मरून नाहीतर खाकी, नाव पुसट झालेलं. ती दुपारी भांडी आवरली की पलंगाच्या कडेला बसून वाचते, मांडीवर अनुस्वार, भिंगाचा चष्मा, एका हाताने वाटीतले फुटाणे. मग नसतो, ऊन नसतं, त्या खोलीत ट्यूबलाइट आहे. आणि एकसारख्या बाइंडिंगमुळे वाचलेलंच पुस्तक परत घरी येऊ नये म्हणून तिची एक पद्धत आहे, पुस्तक संपलं की ३१व्या पानावर आकड्याखाली पेन्सिलीने एक बारीक टिंब द्यायचं. ३१च का, तर शाळेत हजेरीत तिचा नंबर ३१ होता.

तर गेल्या शनिवारी रात्री अकरा वाजता काय झालं ते सांगतो, तुमच्यावर अशी वेळ आली तर घाबरू नका. रविवारचं काहीच तयार नव्हतं म्हणून मागच्या रांगेतून एक नवंकोरं पुस्तक काढलं, महोत्सवातलं, सॅकमधून आणलेलं, किंमतीचं स्टिकरसुद्धा जागच्या जागी. पानं सर्रकन सोडली आणि ३१व्या पानाशी थांबलो. आकड्याखाली टिंब. दुसरं काढलं, टिंब. मग खालीच बसलो आणि मागची अख्खी रांग बाहेर काढली, रेनकोटखालून आलेली, डब्याच्या पिशवीतून आलेली, धूळ लावलेली, अस्वस्थ रात्री मागवलेली ती दोन. सगळीकडे टिंब. शेवटी ते ६१२ पानांचं उघडलं. तिथेही होतं. त्या पानावरून मी स्वतः गेलो होतो आणि मला आठवतंय, कसरीचं काहीतरी असेल म्हणून नखाने खरवडायचा प्रयत्नही केला होता.

तेव्हा एवढं करा, रविवारी सकाळी साडेआठला मोबाईल घेऊन आईजवळ जाऊन बसा. ती मटार सोलत असते, तुम्हीही चार शेंगा घ्या म्हणजे बरं दिसतं, आणि सहज विचारल्यासारखं विचारा की अमुक पुस्तकात काय आहे गं. ती सगळं सांगते, माणसांच्या नावानिशी, कोण कोणाशी कसं वागलं, मध्येच "तो बाप मला नाही पटला" असंही म्हणते, ते वाक्य तसंच्या तसं उतरवून घ्या. या रविवारी मी ६१२ पानांचं विचारलं, तिने दोन वाट्या मटार होईपर्यंत सांगितलं आणि मग एकदम थांबली.

"पुढे?" मी म्हटलं, अंगठा मोबाईलवर तसाच.

"पुढे नको," आई म्हणाली. "तुझं वाचून व्हायचंय ना अजून."