तास संपला तरी नावं हलेनात

काल रात्री पावणेनऊला तास संपवला. "चला, उद्या भेटू" म्हणाले आणि सहज स्क्रीनकडे बघत राहिले, तर ३१ नावं तशीच. पाच मिनिटं झाली, सात झाली. "अरे, संपला तास, निघा आता." कोणी हलेना. मग यादी घेऊन एकेकाला हाक मारायला लागले. पहिलं नाव, दुसरं, बारावं, विसावं. एकाचाही माइक उघडला नाही. म्हणजे मी दीड तास घसा कोरडा पडेपर्यंत कोणाशी बोलत होते? तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि शिकवत होते काय, तर मोडी लिपी, म्हणजे जुन्या मराठी कागदांतलं जोडून लिहिलेलं अक्षर. एम. ए. इतिहास, कागदपत्रांच्या वाचनाचा पेपर, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ऑनलाइन. समोर थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळातलं पत्र. तारखेत अरबी आकडे शब्दांत, 'इसन्ने सबैन मया व अलफ'. दोन, सत्तर, शंभर, हजार. झाला शुहूर सन ११७२, म्हणजे त्या कागदांतली जुनी कालगणना. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, म्हणजे इसवी सन १७७१-७२. चार वेळा मांडून दाखवलं. "बरं, यातलं 'अलफ' कुठे लिहिलंय, कोण सांगेल?" शांतता. "चूक सांगा, पण सांगा." शांतता. प्रश्न मी विचारायचा, वाट मी बघायची, उत्तरही मीच द्यायचं. मला याचीच सगळ्यात जास्त चीड येते.

आज सकाळी उठून बघते तर ग्रुपवर समन्वयकांचा निरोप: "आपल्या पेपरची कालची उपस्थिती ९४ टक्के. अभिनंदन!" खाली गुलाबाची तीन फुलं. ४७ पैकी ४४ जण लॉगिन होते ना! मी लगेच फोन केला. सगळं सांगितलं. तर म्हणतात, "मॅडम, सिस्टिमला उपस्थित दिसतायत, मग प्रश्न काय?" प्रश्न हाच आहे! नाव लागलं म्हणजे पोरगा शिकला असं होत नाही!

मोडी बघून येत नाही हो. हाताने येते. आधी पानावर रेघा ओढून घ्यायच्या, मग त्या रेघेखाली अक्षराला अक्षर जोडत, बोरू शक्यतो न उचलता जायचं. वर्गात मी बाकांमधून फिरायचे. कोणी काना उलटा फिरवला की मनगट धरून तिथल्या तिथे वळवून द्यायचे. एकदा हाताला कळलं की आयुष्यभर चुकत नाही. आता वह्यांचे फोटो येतात, रात्री अकराला, तिरके, अर्ध्या पानावर मोबाइलची सावली. अक्षर दिसतं, पण हात कुठून कुठे गेला ते दिसत नाही, आणि चूक नेमकी तिथेच असते. त्यात रेंज गेली की पत्राचं चित्र फुटतं आणि दोन अक्षरांमधला सांधाच गायब होतो. सांधा गेल्यावर वाचायचं काय?

पोरांवर सगळा राग काढणार नाही. मीही आधी "कॅमेरा लावा" म्हणून ओरडायचे. एका मुलीने खासगीत लिहिलं, "मॅडम, घरात एकच खोली आहे, मागे आजी झोपलेली असते." त्या दिवसापासून मी कॅमेऱ्याचं नाव काढलेलं नाही. एक मुलगा रोज शेताच्या बांधावर येऊन बसतो, घरात रेंज नाही म्हणून. बिचारा अडखळत का होईना, ओळ वाचतो. त्याच्या 'उपस्थित'ला आणि लॉगिन करून झोपलेल्याच्या 'उपस्थित'ला सारखीच किंमत?

२०२० च्या ऑक्टोबरात अंतिम वर्षाची परीक्षा बहुपर्यायी घेतली, तेव्हाही मी भांडले होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने चार पर्यायांतून एक गोल रंगवायचा? तेव्हा "नाइलाज आहे" म्हणाले. आता कसला नाइलाज आहे? आता म्हणतात, मागच्या वर्षीचं रेकॉर्डिंग लावा. मी तासिका तत्त्वावर. पैसे तासाचे, वह्या तपासायचे शून्य, तरी तपासते. आणि विद्यार्थ्याला 'लर्नर' म्हणणारी माणसं तर मला डोळ्यांसमोर नको होतात.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या याच समन्वयकांच्या कार्यालयात पेढे वाटले होते. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत, बहुतेक मोडीत. ते कोण वाचणार? ती ३१ नावं?

आज सव्वासातला परत तास आहे. लॉगिनची यादी मी बघणारच नाही. आधी एकेकाचं नाव घेऊन हजेरी, मग प्रत्येकाने पत्रातला एक शब्द वाचायचा. चुकला तरी चालेल, मी सांगेन. आवाज आला नाही तर गैरहजर. टक्केवारी १० वर आली तरी तीच कळवणार, माझ्या सहीने.