पाय कुठेत म्हणे!

दुपारी भाचा आला होता. नववीत आहे, म्हणजे सर्वज्ञ. टीव्हीवर माझा पावापुरो, म्हणजे बेसबॉलचा जपानी व्हिडिओ गेम, चालू होता. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "मावशी, यांना पायच नाहीत? काय भंगार ग्राफिक्स!" पोहे चेपून गेला. मी मात्र तेव्हापासून धुमसतेय.

नाहीत पाय. मोठं गोल डोकं, खाली धड, हवेत तरंगणारे हात आणि बूट. १९९४ साली कोनामी या जपानी गेम कंपनीने सुपर फॅमिकॉम या गेमच्या यंत्रावर पहिला 'जिक्क्यो पॉवरफुल प्रो याक्यू' काढला तेव्हापासून हे असेच आहेत. जिक्क्यो म्हणजे धावतं समालोचन, याक्यू म्हणजे बेसबॉल. एवढं लांबलचक नाव कोण घेणार, म्हणून पावापुरो. २०२४ मध्ये तीस वर्षं झाली. खऱ्यासारखी दिसणारी माणसं हवीत ना? कोनामीनेच २००४ मध्ये 'प्रो याक्यू स्पिरिट्स' काढला, घाम-बिम सगळं आहे त्यात. खेळ जा.

माझा पावापुरो म्हणजे ओसाका, २००८. जपानी शिकून गेले होते, पण ऑफिसात तोंड उघडायची छाती नव्हती. जुन्या सामानाच्या दुकानातून प्लेस्टेशन टू आणला आणि रात्री पावापुरोतला 'सक्सेस' खेळत बसायचे. हा प्रकार १९९६ पासूनचा. एक पोरगा घ्यायचा आणि त्याला खेळाडू म्हणून घडवायचा. सराव जास्त झाला की थकतो, दुखापत होते, महिन्याची मेहनत पाण्यात. शिवाय डॉक्टर दाइजोबु नावाचा एक इरसाल इसम येतो. दाइजोबु म्हणजे 'काही होत नाही'. त्याच्या हाती मान दिली की पोरगा एकतर सुपरस्टार होतो, नाहीतर कामातून जातो. मी दर वेळी मान दिली. दर वेळी!

आणि यात जिवाभावाचा मित्र म्हणजे याबे. चष्मेवाला, खेळण्यांचा वेडा, बॅटिंगमध्ये यथातथाच, पण पळायला चपळ. (पाय नसलेला. हसा.) हा प्रत्येक वाक्याला 'दे यान्सु' लावतो. मला वाटलं, हे आदरार्थी; होतं नुसतं विनोदी शेपूट. सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांना अगदी वाकून सांगितलं, "रिपोर्ट तयार आहे दे यान्सु."

शांतता. बारा माणसं, एक पंखा.

हो, कोनामी पैसे काढते. नवीन भागात कधी कधी नवीन फारसं काही नसतं, मोबाइलवरचा तर सरळ लॉटरीचा धंदा आहे. मान्य. पुढे.

राग खरा कशाचा येतो सांगू? हे जगासमोर नीट आलंच नाही. इंग्रजीत २००७ आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या मेजर लीगचे संघ घालून दोन भाग आले, मग एकदम २०२३ मध्ये, तोही ९९ सेंटला! डॉलरभरसुद्धा किंमत नाही. आणि यांना म्हणे ग्राफिक्स हवेत. याच गेममध्ये हायाकावा आओइ आहे, खालून हात फिरवून चेंडू टाकणारी मुलगी. तिला संघात घेतलं म्हणून तिच्या शाळेलाच स्पर्धेतून बाद करतात. खऱ्या जपानमध्ये आजही हायस्कूलच्या अधिकृत सामन्यात मुलीला मुलांच्या संघातून उतरता येत नाही. बिनपायाच्या बाहुल्यांच्या गेमला हे सुचलं. तुमच्या घामवाल्यांना सुचलं?

असो. चहा घेऊन आले, आता बरं वाटतंय.

तर त्या मीटिंगमध्ये समोर बसणारे एक गृहस्थ होते. तीन महिन्यांत माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. ते आधी खोकले, मग टेबलावर डोकं ठेवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. बाहेर कॉफीच्या मशीनपाशी विचारलं, "तुमची टीम कोणती?" मी म्हटलं, हानशिन, म्हणजे तिथला बेसबॉल संघ. त्या शनिवारी ते आणि त्यांची बायको मला कोशिएनला, हानशिनच्या मैदानावर, घेऊन गेले. हरलो. डब्यातले राइस बॉल अर्धे मला दिले.

आता ते रिटायर झालेत. २०२३ च्या नोव्हेंबरात हानशिन १९८५ नंतर पहिल्यांदा जपान सिरीज, म्हणजे तिथलं बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकली. त्या संध्याकाळी मी कांदा चिरत होते, फोन वाजला. त्यांचा मेसेज. एकच ओळ.

"जिंकलो दे यान्सु."

बाळा, पुढच्या रविवारी ये. पोहे मिळतील. कंट्रोलरचं बघू.