शास्त्रात नृत्याला खरोखरच मनाई आहे का? एका फिरत्या मजकुराला उत्तर

नाताळाच्या आसपास मराठी ख्रिस्ती मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. उपासनेत नाचणे बायबलविरुद्ध आहे, असे त्यात ठामपणे म्हटलेले असते आणि पुराव्यादाखल मुद्दे दिलेले असतात: सोन्याच्या वासराभोवती लोक नाचले तेव्हा मोशे संतापला, दावीद नाचला तेव्हा त्याच्या पत्नीनेच त्याचा धिक्कार केला, स्तोत्रांतला ‘नाच’ ही भाषांतरातली चूक आहे, हेरोदापुढच्या नाचापायी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे मस्तक गेले, आणि नव्या करारात किंवा मंडळीच्या परंपरेत नृत्याला कोठेही जागा नाही. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. परंतु शास्त्रात नसलेली बंदी शास्त्राच्या नावावर घालणे ही लहान गोष्ट नव्हे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

लोकांनी पूजेसाठी घडवलेल्या वासराची हकिकत बायबलातील निर्गम या ग्रंथाच्या ३२ व्या अध्यायात आहे. मोशे छावणीजवळ येतो, त्याला वासरू आणि नाच दिसतो आणि तो हातातल्या देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या फोडतो, इतके खरे आहे. मात्र नाचासाठी तेथे आलेला हिब्रू शब्द ‘मेखोलोत’, म्हणजे फेर धरून केलेले नाच, याच ग्रंथात १७ अध्याय आधीही आलेला आहे. समुद्र पार केल्यावर अहरोनाची बहीण मिर्याम हातात डफ घेते आणि सगळ्या स्त्रिया डफ वाजवीत, नाचत तिच्यामागे निघतात, त्या ठिकाणी हाच शब्द याच रूपात आहे. आणि मिर्यामला ‘संदेष्ट्री’ म्हटले आहे तेही नेमके त्याच वचनात (१५:२०). मग ३२ व्या अध्यायात गुन्हा कोणता? मोशेने पुढे काय केले ते पाहावे. त्याने वासरू जाळले, कुटून त्याची भुकटी केली, ती पाण्यात टाकून लोकांना प्यायला लावली, अहरोनाला जाब विचारला आणि नंतर देवापुढे लोकांचे पाप कबूल करताना ‘यांनी आपल्यासाठी सोन्याचे देव केले’ एवढेच सांगितले. त्या कबुलीत नाचाचा उल्लेखसुद्धा नाही.

दाविदाचा मुद्दा तर उलटाच मांडला जातो. दुसऱ्या शमुवेलाच्या ६ व्या अध्यायात कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, यरुशलेमेत आणला जात असताना तागाचे एफोद, म्हणजे याजकांसारखे वस्त्र, नेसलेला दावीद परमेश्वरापुढे जीव ओतून नाचतो. तेथील हिब्रू क्रियापदांत गिरक्या घेणे आणि उड्या मारणे हे दोन्ही अर्थ आहेत. खिडकीतून पाहणाऱ्या त्याच्या पत्नीला, मीखलला, त्याचा तिरस्कार वाटतो. तिची तक्रार मात्र नृत्य अधर्म असल्याची नाही. राजाने दासींच्या देखत एखाद्या हलकटासारखे अंग उघडे टाकले, ही तिची तक्रार आहे, म्हणजे प्रश्न राजघराण्याच्या अब्रूचा आहे. दावीद माघार घेत नाही. ज्या परमेश्वराने तुझ्या बापाऐवजी, म्हणजे शौल राजाऐवजी, मला निवडले त्याच्यापुढे मी नाचलो आणि याहूनही हलका होईन, असे तो तिला सुनावतो. कथेचा शेवट मीखलच्या वांझपणावर होतो. तिच्या वाट्याला आलेले दुःख मलाही अस्वस्थ करते. पण निवेदकाचा कल कोणाकडे आहे याविषयी संशयाला जागा नाही, आणि मजकूर नेमका तिच्याच तोंडचा धिक्कार शास्त्राचा आदेश म्हणून पुढे करतो.

स्तोत्र १४९ आणि १५० मधील ‘माखोल’ म्हणजे नाच नसून पावा आहे, हा दावा हवेतून आलेला नाही. १६११ च्या इंग्रजी भाषांतराच्या समासात तसा पर्याय छापलेला आहे. परंतु ख्रिस्तपूर्व काळातल्या यहूदी भाषांतरकारांनी याच ठिकाणी ग्रीकमध्ये ‘खोरोस’, म्हणजे नृत्याचा फेर, असा शब्द योजला. शिवाय ३० व्या स्तोत्रात देवाने माझ्या विलापाचे ‘माखोल’ केले असे म्हटले आहे, आणि उपदेशकाच्या ३ ऱ्या अध्यायातही शोक करण्याच्या समयासमोर नाचण्याचाच समय ठेवला आहे. यहूदी परंपरेनेही हा शब्द असाच जपला. यरुशलेमेच्या मुली वर्षातून दोन दिवस द्राक्षमळ्यांत नाचत, असे मिश्ना या यहूदी धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहात नोंदले आहे, आणि त्यांपैकी एक दिवस चक्क प्रायश्चित्ताचा होता. त्या दिवशी प्रत्येकीने पांढरे वस्त्र उसने घेऊनच नेसायचे असे, कारण जिच्याकडे स्वतःचे नाही तिला लाज वाटू नये.

हेरोदाच्या वाढदिवसाविषयी थोडक्यातच लिहितो. मार्काच्या ६ व्या अध्यायात योहानाचा घात कशामुळे झाला ते स्पष्ट आहे: भावाची बायको ठेवल्याबद्दल त्याने राजाला दिलेला ठपका, त्या बायकोने, हेरोदियेने, धरलेला डाव आणि पाहुण्यांदेखत घेतलेली शपथ मोडण्याचा राजाचा संकोच. नाच हे तेथे निमित्त आहे. निमित्तच दोषी धरायचे, तर वाढदिवसाची मेजवानीही निषिद्ध ठरवावी लागेल.

नव्या करारात नृत्य नाही, हे विधान तर लूकच्या १५ व्या अध्यायापाशीच कोसळते. येशूच्या दृष्टांतातला उधळ्या पुत्र घरी परततो तेव्हा शेतातून येणाऱ्या थोरल्या भावाच्या कानी वाद्यांचा व नाचाचा आवाज पडतो, आणि तो सोहळा बापानेच मांडलेला आहे. आम्ही पावा वाजवला तरी तुम्ही नाचला नाहीत, ही बाजारातल्या मुलांची तक्रारही येशूनेच सांगितली आहे. पौलाच्या पत्रांत स्तोत्रे व गीते आहेत, नृत्याची सूचना नाही, हे मी मान्य करतो. एखाद्या मंडळीने त्यावरून स्वतःच्या उपासनेपुरता नियम करावाही, फक्त तो आपला नियम म्हणून सांगावा.

राहिली परंपरा. ख्रिस्ती माणसांनी लग्नात नाचू नये, असा ठराव चौथ्या शतकात लावदिकीया येथील धर्मसभेने केला आणि त्याच शतकात योहान क्रिसोस्तोम या नामवंत धर्मोपदेशकाने नाचावर कडाडून टीका केली. बंदीचे मूळ शोधायचे ते अशा ठिकाणी, मोशेच्या पाट्यांत नव्हे. आणि मंडळीची परंपरा म्हणजे तेवढीच नाही. इथिओपियातील ऑर्थोडॉक्स मंडळीत ‘देब्तेरा’ नावाचे गायक-सेवक एका हातात लांब काठी व दुसऱ्या हातात खुळखुळणारे धातूचे वाद्य घेऊन, ढोलाच्या ठेक्यावर संथ डोलत, पावले टाकत उपासना करतात. जानेवारीत येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला तेथे ‘ताबोत’, म्हणजे कराराच्या कोशाचे प्रतीक, वस्त्रांत झाकून मिरवणुकीने नेतात, आणि त्यापुढे आपण का नाचतो हे सांगताना ते दाविदाचाच दाखला देतात.