पिवळं पुस्तक आणि बाकीचे कागद

परवा एका जुन्या ग्राहकाचा फोन आला. "मॅडम, कोविडचं ते सर्टिफिकेट अजून मोबाईलमध्ये पडलंय, उडवलं तर चालेल ना?" म्हटलं, उडवा खुशाल. फोन ठेवला आणि माझंच डोकं फिरलं. त्या एका पीडीएफपायी आम्ही तिकीटवाल्यांनी काय काय नाही केलं! रात्री दोन-दोन वाजता लोकांची नावं पासपोर्टशी ताडून पाहिलीत. आणि आता ती मोबाईलमध्ये जागा अडवते म्हणून उडवायची.

मी पुण्यात विमानाची तिकिटं आणि व्हिसाचं छोटं ऑफिस चालवते. आज जरा लांबण लावणार आहे, कंटाळा आला तर पुढे सरका.

माझं म्हणणं एवढंच आहे की, प्रवाशाकडे आरोग्याचा दाखला मागण्यात काहीच चूक नाही. चूक झाली ती दाखला कसा असावा, कोणाचा चालेल आणि कधीपासून लागेल हे प्रत्येक देशाने साथ डोक्यावर आल्यावर रातोरात आपापलं ठरवलं त्यात. आणि त्याची किंमत मोजली कोणी, तर चेक-इन काउंटरपुढे फाइल छातीशी धरून उभ्या असलेल्या माणसाने.

हे वेगळंही होऊ शकतं, याचा पुरावा माझ्या टेबलावर रोज येतो. केनियात मसाई माराला जाणाऱ्यांना आम्ही पिवळ्या तापाची, म्हणजे यलो फिव्हरची लस घ्यायला पाठवतो. सरकारमान्य केंद्रावर लस मिळते आणि एक पिवळं पुस्तक हातात पडतं. जगात कुठेही जा, नमुना तोच, रकाने तेच. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. पूर्वी दर दहा वर्षांनी पुन्हा सुई टोचून घ्यावी लागायची. ११ जुलै २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो, आणि जुनी पुस्तकंसुद्धा त्यात आली. गंमत म्हणजे या बाबतीत सगळ्यात कडक देशांपैकी एक आपणच आहोत. पिवळ्या तापाच्या देशातून आलात आणि पुस्तक नसेल तर आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात, मग तुम्ही कितीही मोठे असा. कारणही पटण्यासारखं आहे. तो ताप पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघरी आहे (डेंग्यूवालाच तो), ताप मात्र अजून आलेला नाही. तो एकदा शिरला तर काय होईल, याचा विचारही नको.

इतकी वर्षं हे काम करतेय, पण पिवळ्या पुस्तकावरून काउंटरवर भांडण झालेलं मला आठवत नाही. पुस्तक असतं किंवा नसतं. नसेल तर चूक कोणाची, हे सगळ्यांना माहीत असतं.

आता कोविडचं बघा.

आपलं कोविन सर्टिफिकेट आलं ते देशातल्या लसीकरणासाठी. क्यूआर कोड होता, झटकन डाउनलोड व्हायचं, त्याबाबत मी कोविनला नावं ठेवणार नाही. पण त्यावर जन्मतारीख नव्हती, नुसतं वय होतं. आणि नाव होतं ते आधारवरचं. आता आधारवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव एकच असेल, हे ज्याने गृहीत धरलं त्याला मराठी घर माहीतच नाही. आधारवर मंगलाबाई, पासपोर्टवर नुसतं मंगला. आधारवर वसंतराव, पासपोर्टवर वसंत. एकीकडे नवऱ्याचं नाव मधे, दुसरीकडे नवऱ्याचं नाव थेट पहिल्या नावाला चिकटलेलं. मधल्या नावाला वेगळा रकानाच नाही, तर माणूस करणार काय? २०२१ च्या जूनमध्ये पासपोर्ट नंबर जोडायची सोय झाली, नाव दुरुस्तीचीही झाली. पण दुरुस्ती करता यायची एकदाच. आमच्या ऑफिसात त्या बटनावर क्लिक करायच्या आधी दोघांनी मोठ्याने स्पेलिंग वाचायचं, असा नियमच होता.

आणि जन्मतारीख! ब्रिटनच्या निमित्ताने तो विषय निघाला आणि सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस परदेशी जाणाऱ्यांसाठी पूर्ण जन्मतारखेचं वेगळं सर्टिफिकेट निघालं. उत्तम झालं. पण माझ्या सत्तरीच्या ग्राहकांपैकी निम्म्यांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी लिहिली ती. एका काकूंची तारीख मी भरत होते आणि त्या शेजारी बसून म्हणाल्या, "अगं, माझा जन्म गौरीच्या जेवणादिवशीचा." म्हटलं, काकू, हे लंडनला सांगू नका.

मग तासांचं गणित. तेव्हा आपल्याकडे येणाऱ्याला आरटीपीसीआर लागायची ७२ तासांच्या आतली. अमिरातीत जाणाऱ्याला ४८ तासांची, तेही नमुना घेतल्यापासून मोजायचे, आणि वर विमानतळावर उड्डाणाआधी सहा तासांच्या आत रॅपिड पीसीआर. तिचा दर बाहेरच्या साध्या चाचणीच्या कितीतरी पट. दुबईत गवंडीकाम, सुतारकाम करणारी माणसं रत्नागिरी-रायगडहून रात्रभर प्रवास करून मुंबईला यायची, तिथे रांगेत उभी राहायची आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की तशीच परत फिरायची. खिशात तिकीट, अंगाला एक लक्षण नाही, आणि गावाकडे सगळ्यांना सांगून निघालेली. २०२२ च्या फेब्रुवारीत ती अट गेली, तेव्हा आमच्या धंद्यातल्या लोकांनी पेढे वाटले असते तरी चाललं असतं.

इथे अमेरिकेला एक गुण देते. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी चाचणीची मुदत कमी केली, पण २४ तास असं न लिहिता प्रस्थानाच्या आदल्या दिवसाची चाचणी चालेल असं ठरवलं. दिवस मोजायचा, तास नाहीत. विमान पाच तास लेट झालं तरी रिपोर्ट शिळा होत नाही. एका ओळीचा फरक आहे, पण ती ओळ लिहिणारा माणूस कधीतरी विमानतळावर अडकलेला असणार.

काउंटरवरच्या पोरांना लोक शिव्या देतात, त्यांच्याबद्दलही बोलते. तो मुलगा काही स्वतः कायदा वाचत नसतो. त्याच्यासमोर टिमॅटिक नावाची माहिती असते. कोणत्या पासपोर्टवर, कोणत्या देशात, कुठून ट्रान्झिट करून जायला काय काय लागतं, ते त्यात असतं. चुकीच्या माणसाला चढवलं तर समोरचा देश त्याला परत पाठवतो, तोही विमान कंपनीच्या खर्चाने, आणि वर दंड. मग तो मुलगा शंका आली की "नाही" म्हणणारच. आपल्याला "नाही" म्हटल्याबद्दल त्याला कोणी दंड करत नाही ना! म्हणजे आरोग्याचा नियम केला एका देशाच्या मंत्रालयाने, आणि तो लागू कोणी करायचा, तर पहाटे तीन वाजता, रात्रपाळीला असलेल्या पंचवीस वर्षांच्या पोराने.

आणि आता आमच्या पुण्याचा विषय. कोविशिल्ड इथली. हडपसरच्या पलीकडे मांजरीला सीरमचा कारखाना आहे, लस मूळची ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाची. तरी युरोपच्या ग्रीन पासमध्ये, म्हणजे त्यांच्या कोविडच्या डिजिटल सर्टिफिकेटमध्ये, सुरुवातीला कोविशिल्ड नव्हती. त्यांच्या औषध संस्थेने मान्यता दिली होती ती वॅक्सझेव्हरिया या नावाने, ठरावीक कारखान्यांतल्या उत्पादनाला. बरं, हे नुसतं आपल्याच लोकांना बाधलं असतं तर समजलो असतो. पण ब्रिटनने स्वतः सीरमकडून पन्नासेक लाख डोस नेले होते, आणि ते टोचले गोऱ्या आजी-आजोबांनाच. २०२१ च्या जुलैमध्ये मँचेस्टरहून माल्टाला निघालेल्या एका ब्रिटिश जोडप्याला विमानात चढू दिलं नाही. कारण त्यांच्या सर्टिफिकेटवर सीरमच्या बॅचचा नंबर होता. ती बातमी वाचून मी, खोटं का बोलू, हसले.

सप्टेंबरात ब्रिटनने नवीन नियम जाहीर केले. ४ ऑक्टोबरपासून कोणत्या देशांत घेतलेली लस धरली जाईल याची यादी होती, त्यात बहरीन, ब्रुनेई होते आणि भारत नव्हता. म्हणजे लंडनमध्ये टोचलेली पुण्याची लस चालणार आणि पुण्यात टोचलेली पुण्याची लस चालणार नाही. दोन डोस झालेला माणूस लस न घेतलेल्यात जमा, दहा दिवस घरात बंद. आरडाओरडा झाल्यावर त्यांनी कोविशिल्डचं नाव घातलं, पण तरी भारत यादीत नाहीच. म्हणाले, आता प्रश्न सर्टिफिकेटचा आहे. मग आपण ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांना दहा दिवस क्वारंटाइन लावलं, आणि ११ ऑक्टोबरपासून त्यांनी आपली अट काढली. १३ तारखेला आपणही काढली.

फेसबुकवर तेव्हा विजयोत्सव झाला. मला आनंद झाला नाही असं नाही. पण विज्ञान त्या आठवड्यात तसूभरही बदललं नव्हतं, हे विसरू नका. जी लस सोमवारी चालत नव्हती, ती पुढच्या सोमवारी चालायला लागली. आपण मोठा देश आहोत म्हणून ते जमलं. छोट्या देशाने काय केलं असतं? आणि आपल्यातल्याच कोव्हॅक्सिनवाल्यांचं काय? त्यांनी काही ती लस हौसेने निवडली नव्हती. महापालिकेच्या केंद्रावर त्या दिवशी जी आली ती घेतली. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली ३ नोव्हेंबर २०२१ ला, तोपर्यंत ते लटकले. अमेरिकेत शिकायला गेलेल्या काही मुलांना तर विद्यापीठांनी पुन्हा दुसरी लस घ्यायला सांगितलं.

आता ज्यांनी वरचा परिच्छेद वाचून "बघा हे इंग्रज!" असं कॉमेंटमध्ये लिहायला घेतलं असेल, त्यांनी जरा थांबावं. ओमायक्रॉन आला तेव्हा आपण काय केलं? केंद्राने १ डिसेंबरपासून नवे नियम लावले. आदल्याच दिवशी, ३० नोव्हेंबरला, महाराष्ट्राने स्वतःचा वेगळा, जास्त कडक आदेश काढला. जोखमीच्या देशांतून येणाऱ्यांना सात दिवस संस्थात्मक विलगीकरण, दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी चाचणी. देशांतर्गत विमानाने येणाऱ्यांनाही ४८ तासांतली आरटीपीसीआर. केंद्राने पत्र पाठवलं की आमच्याशी जुळवून घ्या, आणि २ डिसेंबरला आदेश बदलला. ज्यांची विमानं त्या मधल्या तासांत आकाशात होती, त्यांनी काय करायचं होतं? माझे काही ग्राहक त्यांत होते. त्यांची मुलं मला अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारत होती, "आईला हॉटेलात नेणार की घरी सोडणार?" मी हेल्पलाइनला फोन लावत होते, पण फोन घेणाऱ्याला माझ्यापेक्षा कमी माहीत होतं. बिचारा तोही बातम्याच बघत होता.

एअर सुविधाचा, म्हणजे परदेशातून भारतात येणाऱ्याने ऑनलाइन भरायचा फॉर्म तर वेगळंच प्रकरण. त्यात सीट नंबर विचारायचे. फाइल जरा जड झाली की पोर्टल घ्यायचं नाही. न्यू जर्सीला नातवंडाकडे राहिलेले आजी-आजोबा परतताना तो फॉर्म कोण भरणार? मुलगा ऑफिसात, सून मीटिंगमध्ये, मग फोन पुण्याला माझ्याकडे. २०२२ च्या नोव्हेंबरात तो फॉर्म बंद झाला, पुढच्या जानेवारीत चीन, जपान वगैरे देशांतून येणाऱ्यांसाठी परत आला, फेब्रुवारीत पुन्हा गेला. तेव्हा मला राग यायचाही कंटाळा आला होता.

हा खेळ आपल्याला नवा नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी युरोपातले देश व्हेनिसला जमले, मुंबईहून येणाऱ्या जहाजांचं काय करायचं ते ठरवायला. त्याच वर्षी मुंबईहून हज यात्राही थांबवली गेली. म्हणजे मुंबईच्या प्रवाशाकडे संशयाने बघायची सव्वाशे वर्षांची परंपरा आहे. पण त्या बैठकांतूनच हळूहळू एक सामायिक नियमावली तयार झाली आणि पिवळं पुस्तक त्या नियमावलीवर उभं आहे. सगळ्यांनी एका टेबलाशी बसून, आधी, शांतपणे ठरवलेली गोष्ट.

मग कोविडच्या दाखल्याचं तसं काही झालं का? थोडं झालंय, आणि त्याची बातमी आपल्याकडे कोणी वाचली नाही. २०२३ च्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने युरोपच्या डिजिटल सर्टिफिकेटची व्यवस्था सगळ्या जगासाठी पुढे चालवायचं जाहीर केलं. म्हणजे एका देशाचा दाखला दुसऱ्या देशाच्या मशीनला खरा की खोटा ते ओळखता यावं. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली सुधारली, त्यात दाखले कागदी किंवा डिजिटल असू शकतात हे आलं, आणि सप्टेंबर २०२५ पासून ते लागूही झालं. अमेरिकेने मात्र हे बदल नाकारलेत. म्हणजे पुढच्या वेळी तिथे जाणाऱ्यांसाठी वेगळी फाइल लागणार, तयारीत राहा.

पण नमुना एक झाला तरी दोन गोष्टी राहतातच, आणि त्यासाठी जिनिव्हाला जायची गरज नाही, दिल्ली आणि मुंबईतही करता येतील. एक म्हणजे, नियम बदलला की त्यावर तारखेबरोबर वेळ लिहा, आणि ती उड्डाणाची वेळ धरायची की उतरण्याची, तेही लिहा. ज्याचं विमान सुटलं त्याला जुना नियम, विषय संपला. खरंच नवा विषाणू असेल आणि थांबायला वेळ नसेल, तर त्या माणसाला ठेवायचंय कुठे आणि पैसे कोण देणार, हे आदेशातच असू द्या. दुसरं, नाव जुळवताना बाई, राव आणि नवऱ्याचं नाव एवढ्यावरून कोणाला अडवू नका. पासपोर्ट नंबर जुळतोय ना? बास.

आमच्या असोसिएशनच्या पुढच्या बैठकीत हे लेखी द्यायचं म्हणतेय. तुमच्यापैकी कोणाचे आई-वडील तेव्हा कुठे अडकले असतील, तर नाव-गाव न लिहिता खाली नुसता प्रसंग लिहा: कोणता कागद, कोणता नियम, आणि शेवटी काय झालं. मी निवेदनाला जोडेन.